तेरणेच्या डोहातला नौवहन दिन

ज्या गावात जे नसतं, त्याचेच किस्से तिथं साठतात. आमच्या तेरला समुद्र नाही, म्हणून माझ्याकडं समुद्राचे किस्से लई आहेत. शाळा सोडल्यापासून सांगायला वेळही भरपूर असतो.

तर पाच एप्रिलला राष्ट्रीय नौवहन दिन पाळा, असं सर्क्युलर शाळेत आलं. पाठवणाऱ्या साहेबानं नकाशा पाहिला नसावा. हेडमास्तरांनी लगेच कमिटी केली: ते स्वतः, सरपंच आबा आणि गावातले आणखी सहा म्हातारे. आठांपैकी एकानंही समुद्र पाहिला नव्हता. समुद्रावर गेलेला माणूस गावात एकच, तात्या. रझाकारांच्या धामधुमीत ते पळाले, मुंबईला बोटीवर चढले आणि अकरा वर्षं भट्टीत कोळसा टाकून परत आले. त्यांना कमिटीत घेतलं नाही. सतरंजी अंथरायला बोलावलं.

हेडमास्तर सागराच्या निळाईवर पाऊण तास बोलले. मग उदार होऊन म्हणाले, "तात्या, तुला कसा दिसला रे समुद्र?"

"म्या खाली भट्टीपाशी व्हतो, मास्तर. समुद्र वरच्या मजल्यावर असायचा, सायबांकडं."

*

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वर्गात म्हणाले, कोळसेवाल्याला काय कळतो समुद्र! मी उभा राहिलो आणि विचारलं, तुम्हाला तरी कुठून कळला? पाच छड्या बसल्या. सहावीच्या वेळी मी छडी हिसकून खिडकीबाहेर फेकली. माझं शिक्षण तिथं संपलं.

दाखल्यात वर्तणुकीच्या रकान्यात एकच शब्द आला: उद्धट. मला आता बोटीवरच जायचं होतं आणि भरतीला दाखला लागणार होता. तो शब्द वाचून मला दारात कोण उभं करणार?

तात्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवला. त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "आमचा कप्तान तोंडानं आईबहिणीवरून शिव्या घालायचा. पर खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकात लिवताना चांगलंच लिवायचा. त्या कागदावर माणसाची भाकर असती, बाबा."

हेडमास्तर बी.ए. आहेत.

*

दुसऱ्या वर्षी मिरवणूक निघाली. बैलगाडीवर कामट्यांचं जहाज, त्याला निळा कागद, वर कॅप्टनची टोपी घालून खुद्द हेडमास्तर. आबांनी आपली खिलारी जोडी जुंपली, शिंगं रंगवली, झुली घातल्या.

घराघरातून बायका तांब्या घेऊन बाहेर आल्या. बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, नैवेद्य चारला आणि आत गेल्या. जहाजाकडं कोणी मान वर करून पाहिलं नाही. एका म्हातारीनं आबांना विचारलं, चैतात कसला पोळा काढलाय?

आबांना खरं सांगायचा धीर झाला नाही. म्हणाले, "औंदा दोनदा हाय."

*

त्या उन्हाळ्यात तात्यांनी मला पोहायला शिकवलं. चैत्रात तेरणेला धार नसते, पण एक डोह आटत नाही. पाठीला वाळका भोपळा बांधून ते मला ढकलून द्यायचे आणि काठावर विडी ओढत बसायचे. बुडणाऱ्याला कधी समोरून धरायचं नाही, तो गळ्याला मिठी मारतो. मागून जायचं आणि केस धरून ओढायचं. हे त्यांनी माझ्याकडून शंभर वेळा करून घेतलं. बुडणारे म्हणून स्वतःच पडायचे.

मी सहसा कोणाचे उपकार मानत नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांनी मला सल्ल्याशिवाय काही दिलेलं नाही. पण तात्यांचे मानतो. चारचौघांत मानतो. दहा वर्षं शाळेत बसून जे मिळालं नाही, ते त्या डोहात एका उन्हाळ्यात मिळालं.

*

तिसऱ्या वर्षी कमिटीला प्रत्यक्ष जलप्रवास हवा होता. आबांच्या गुऱ्हाळातली काहील, उसाचा रस आटवायची ती भली मोठी कढई, डोहात सोडली. पुराच्या वेळी आमच्याकडं काहिलीतूनच नदी ओलांडतात, तेव्हा त्यात नवल नव्हतं. तात्यांनी सांगितलं, चारी अंगांनी बसा, वजन सारखं ठेवा.

आबा एका कडेला बसले. हेडमास्तर त्यांच्या उजव्या हाताला बसले. आता समोरच्या कडेला बसायचं म्हणजे कमी मानाचं. तिकडं कोण जाणार? आठही जण आबांच्या बाजूला दाटीवाटीनं बसले. मधोमध जाईपर्यंत मान राहिला, मग काहील कलंडली.

सात जणांना जसं येईल तसं पोहता येत होतं. हेडमास्तरांना येत नव्हतं. ते दोनदा वर आले. मी उडी मारली, मागून गेलो आणि हाताला लागली ती त्यांची शेंडी धरून त्यांना काठापर्यंत ओढत आणलं.

सगळं गाव बघत होतं. ज्याला शाळेतून घालवला, त्यानं हेडमास्तरांच्या शेंडीला हात घातलेला! हेडमास्तर पाणी ओकत होते. तात्या शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, पोराचा दाखला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ऑफिसात बोलावणं आलं. हेडमास्तरांनी माझ्याकडं न बघता दाखला मागून घेतला. टाकाचं टोक शाईत बुडवलं. मला वाटलं, आता तो शब्द खोडणार. त्यांनी खोडला नाही. त्याच्यापुढं सावकाश, वळणदार अक्षरात आणखी दोन शब्द लिहिले, टिपकागद दाबला, शाळेचा शिक्का मारला आणि कागद माझ्याकडं सरकवला.

वर्तणूक: उद्धट, परंतु वेळेवर.