स्वतःपुरती प्रार्थना

पिंपळनेर मागे टाकून वाट डोंगराकडे वळली की एक लहानशी वस्ती लागते. तेथील मोतीबाईंना परमेश्वराशी बोलताना संकोच असा कधी वाटला नाही. त्यांच्या घरी रोज सायंकाळी, जेवणाआधी, कुटुंबप्रार्थना होते. सतरंजी अंथरली जाते, एक गीत होते, पवित्र शास्त्रातील एखादा उतारा वाचला जातो. मग प्रत्येकाने आळीपाळीने, डोळे मिटून, मोठ्याने आणि स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करावयाची. हा नित्यनेम मोतीबाईंच्या सासूबाईंनी घालून दिला. मोतीबाईंनी तो लग्नघाईत मोडला नाही, साथीच्या दिवसांत मोडला नाही आणि वावटळीत छपराचे पत्रे उडाले त्या संध्याकाळीही मोडला नाही. अशा निष्ठेपुढे नतमस्तक व्हावे हेच उचित. नतमस्तक होऊनच पुढचे लिहितो.

मोतीबाईंच्या प्रार्थनेच्या आरंभी आभार असत आणि अंती आमेन असे. या दोहोंच्या मधल्या प्रशस्त अवकाशात घरादाराच्या दिवसभरातील वर्तनाचे सविस्तर निवेदन असे.

"बापा, चंदनले बुद्धी दे. शेळीस्ना दोर सैल बांधस, आनि मंग गावभर धुंडत फिरस."

चंदन म्हणजे त्यांचा मुलगा. तो शेजारीच, डोळे मिटून बसलेला असे.

"लताबाईनं मन शांत कर. कोंबडी तिनी शे, पन अंडं आमना गोठामा दिधं. तो काय आमना गुन्हा शे का?"

लताबाई कुडापलीकडच्या शेजारीण. आपला उल्लेख आला की त्या पलीकडून खोकत.

या निवेदनाचे सामर्थ्य असे की ज्याच्याविषयी ते चाले, त्याला उत्तर देण्याची सोय नव्हती. प्रार्थनेत मध्येच बोलणे हा अधर्म. मोतीबाईंचे यजमान गेंदाभाऊ मितभाषी. त्यांची स्वतःची प्रार्थना दोन वाक्यांत आटोपे. ते मला एकदा म्हणाले, "ती तोंडवर बोलनी तं चाली जास. देवाले सांगस ना, तव्हय जबाब देता येत नही."

गेल्या वैशाखात चंदनचे लग्न झाले आणि पहूरची उषा सून होऊन आली. मुलगी गुणी. गीत गोड गाई, शास्त्रवाचन स्पष्ट करी. परंतु प्रार्थनेची पाळी आली की तिची वाणी लोप पावे. काही क्षण शांतता, मग ओठांतल्या ओठांत "आमेन". प्रारंभी साऱ्यांनी ती नववधूची लज्जा मानली. नाताळ जवळ आला तरी लज्जा हटेना, तेव्हा मोतीबाईंचा जीव खालीवर होऊ लागला. आपल्या पश्चात या घरात देवाला हाक कोण मारणार? चंदन बायको करील तेच करणार, आणि बायको तर काहीच करीत नाही. सासूबाईंनी हाती दिलेला नेम आपल्याबरोबरच मातीत जाणार, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

उपाय त्यांना एकच ठाऊक होता.

"बापा, या पोरनी जीभ मोकयी कर. रांधस चांगलं, गोठा झाडस, पन तुन्हाशी बोलत नही. घमेंड व्हई तं काढी टाक."

परिणाम असा झाला की उषाला नेमकी प्रार्थनेच्या वेळी कामे सुचू लागली. आज वाळत घातलेले कपडे, उद्या वासराचे पाणी. एके दिवशी सतरंजीवरील तिची जागा रिकामीच राहिली. चंदन म्हणाला, "माय, तू डोया मिटस आनि तिले घाम फुटस."

महिन्यातून एकदा साक्रीहून पाळक अभिमन येत. मोतीबाईंनी त्यांना ओसरीवरच गाठले. "पास्टर भाऊ, तुमी तिले समजाडा."

"समजावतो. पण मावशी, एक विचारू? प्रार्थनेत तुम्ही देवाशी बोलता की घरच्यांशी?"

"दोन्हीस्शी. घर बी तेन्हंच शे ना."

अभिमन यांनी ईश्वरविज्ञानाचे रीतसर अध्ययन केले होते. त्यात या उत्तराला प्रत्युत्तर नव्हते. शिवाय मागील महिन्यात, भर मंडळीत, "पास्टरले थोडकामा बोलानी कृपा दे" ही मोतीबाईंची विनंती त्यांनी स्वतः डोळे मिटून ऐकली होती. थोडा विचार करून ते म्हणाले, "एक पंधरवडा फक्त स्वतःसाठी प्रार्थना करा. दुसऱ्या कुणाचं नाव नाही, आडून उल्लेख नाही."

"यास्नं बी नही?" मोतीबाईंनी गेंदाभाऊंकडे हनुवटी केली.

"त्यांचं तर मुळीच नाही."

एखादा कडक उपास धरावा तसे त्यांनी हे मान्य केले. पहिल्या संध्याकाळी त्यांनी "बापा" अशी हाक घातली आणि त्यांना पुढे शब्दच मिळेनात. मनात विषय उदंड होते, पण सगळे दुसऱ्यांचे. अखेरीस त्या म्हणाल्या, "मना गुडघा दुखस. आमेन." सर्वांनी डोळे उघडले. गेंदाभाऊंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

सकाळी लताबाई कुडाशी आल्या. "काय व्हयनं वं? काल काहीच ऐकाले उनं नही."

"माले उपास शे."

"बोलाना उपास?"

"तुन्हा नावना."

रविवारची उपासना इतकी लवकर आटोपली की मंडळी अंगणात उगाच उभी राहिली; घरी जावे की आणखी काही व्हायचे आहे, हे कोणालाच उमजेना.

दिवस जात राहिले. एक गुडघा झाला, दुसरा झाला, मग पाठ झाली. भय उरले नाही असे पाहून उषा पुन्हा सतरंजीवर येऊन बसू लागली. देहाची गाऱ्हाणी सरली, तेव्हा एका सायंकाळी मोतीबाईंच्या मुखातून निराळेच वाक्य निघाले.

"बापा, माले भ्याव वाटस."

गेंदाभाऊ थोडे जवळ सरकले.

"मी मरी गऊ, तं मंग..." पुढचे वाक्य दुसऱ्यांविषयी होते आणि दुसऱ्यांविषयी न बोलण्याचा त्यांनी शब्द दिला होता. त्या थांबल्या. आमेनही म्हणेनात.

"देवा," उषाचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "मायला भ्याव वाटू देऊ नको. या घरात तुला हाक मारायचं थांबणार नाही. आमच्याकडे पहूरला वडील पुस्तकातली प्रार्थना वाचायचे, आम्ही मागून म्हणायचो. माझे साधे शब्द तुला चालतील की नाही, कळत नव्हतं. आणि सगळ्यांसमोर लाज वाटायची."

चंदनने आमेनसाठी श्वास घेतला. पण इतक्या महिन्यांचे साचलेले एका वाक्यात कसे ओसरावे?

"आणि देवा, मायचा गुडघा नुसत्या तेलानं बरा व्हायचा नाही. दवाखान्यात चला म्हटलं की बाजाराचं निमित्त सांगतात. त्यांना ऐकायची बुद्धी दे. ह्यांना ओला टॉवेल दोरीवर टाकायची बुद्धी दे. आबांना साखर आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. कणगीमागं गूळ ठेवलाय, तो तुला दिसतोच."

गेंदाभाऊंचे डोळे उघडले. मोतीबाईंचे मिटलेलेच होते. मान मात्र सावकाश कणगीकडे वळली. चुलीवरील डाळ करपू लागल्याचा वास आला, तरी कोणाला उठता येईना. शेवटी उषा थांबली, तेव्हा सर्वांत मोठ्याने आमेन म्हणाल्या त्या मोतीबाई.

दुसऱ्या दिवशी, गेंदाभाऊ घरी गुळासाठी नवी जागा शोधत असताना, सासू-सून पिंपळनेरच्या जीपमध्ये बसल्या होत्या. देवापुढे निघालेली गोष्ट टाळणे मोतीबाईंना शक्य नव्हते.

"माले तोंडवर सांगतीस ना," त्या कुरकुरल्या.

"सांगितलं होतं. किती वेळा सांगितलं."

"मंग?"

"तुम्ही ऐकलं नाही."

जीप भरत आली तशी मोतीबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "देवानी ऐकी लिधं," आणि गुडघा सावरीत सरकून त्यांनी तिला खिडकीकडची जागा दिली.