हवाई जास्वंद आणि गणपतीचं लाल फूल

ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या तमाम कुंडीधारक बंधू-भगिनींनो, आपलं दुःख एकच आहे. खत आपण घालायचं, कीड आपण टिपायची... आणि फुलायच्या आदल्या संध्याकाळी कळी दुसऱ्याच कुणीतरी खुडून न्यायची! सकाळी आपल्या वाट्याला येतो तो नुसता देठ.

मानपाड्याला आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडलगत माझी हवाई जास्वंद आहे. कोलशेतच्या नर्सरीतून मांडीवर बसवून आणलेली. भर समुद्रातल्या हवाई बेटांवर नावारूपाला आलेली ही जात... ताटलीएवढं केशरी फूल, मधोमध गडद लाल डोळा.

पहिल्याच दिवशी तळमजल्यावरच्या पाटीलकाकूंनी विचारलं, "हवाई म्हणजे? विमानातून आली का हो, भाऊ?"

नखरे फार नाहीत तिचे. सकाळचं भरपूर ऊन, पाणी साचणार नाही अशी माती, आणि वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी. पानामागे पांढरी कीड दिसली तर कडुनिंबाच्या तेलाचा फवारा. एवढं सगळं करून पहिली कळी टपोरी झाली... आणि गेली. दुसरी गेली. तिसरीही.

मी पेटलो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला सारून उभा राहिलो. चोरीचं फूल देवाला वाहणं म्हणजे देवालाच चोरीत सामील करून घेणं, असं बरंच काही बोललो. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात पाटीलकाकूंच्या.

दुसऱ्या दिवशी त्याच काकू कुंडीपाशी तक्रार घेऊन हजर. "भाऊ, आजपण केशरीच निघालं! गणपतीला लाल लागतं. तुमच्या झाडाचं लाल कधी उमलणार?"

"म्हणजे... कळ्या तुम्ही नेता?"

"नेते की! संध्याकाळी खुडून वाटीत पाण्यात ठेवली की सकाळी देवापुढे उमलते. देवासाठी नेलं तर ती चोरी होते का कुठं? पण काल छान बोललात हां. त्या चोराला चांगलं सुनावलंत!"

माझं सगळं वक्तृत्व तिथंच गळून पडलं.

उरलेल्या कळ्या मोजायला खाली वाकलो, तर कलमाच्या सांध्याखालून एक फुटवा वर आलेला. हवाई जास्वंद बहुतेकदा आपल्या गावठी जास्वंदीच्या खोडावर बांधतात. खालचा गावठी फुटवा वाढू दिला की झाडाचं बळ तोच खातो आणि वरची हवाई हळूहळू सुकते. मी कात्री काढली... काकूंनी माझा हातच धरला.

"मोडू नका हो! पानं ओळखीची वाटली म्हणून मीच जपलाय त्याला. लाल कळी धरलीय, बघा तरी!"

एका खोडावर दोघींचा संसार होणार नव्हता. काकूंची लाल ठेवली तर माझी केशरी जाणार, हे उघड होतं.

मग फुटवा खोडालगत कापला. कळी काकूंच्या ओंजळीत दिली. काडीची खालची पानं काढली आणि ती भोकं पाडलेल्या रंगाच्या डब्यात खोचून डबा त्यांच्या दाराशी सावलीत ठेवला. गावठी जास्वंद ती... मुळं धरायला तिला आग्रह करावा लागत नाही!

आता काकूंच्या दाराशी गणपतीपुरतं लाल फुलतं. परवा सकाळी त्यांची हाक आली, "भाऊ, बाहेर या! तुमचं विमान उतरलं!"

केशरी फूल उघडलं होतं... पहिल्यांदाच, झाडावर.

तेव्हा मित्रांनो, 'फुले तोडू नका'च्या पाट्या पुरे झाल्या. येत्या रविवारी आपल्या कलमी जास्वंदीच्या बुडाशी वाकून बघा. सांध्याखालचा फुटवा कापा, पण फेकू नका. एखाद्या डब्यात लावा... आणि तुमचा ज्यांच्यावर संशय आहे, त्यांच्याच दाराशी नेऊन ठेवा!