न थांबणारा माग

नाटकाच्या दुसऱ्या अंकात अर्धा तास मागाचा आवाज हवा होता आणि माझ्याकडे होता आठ सेकंदांचा. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सोलापुरात मागाच्या आवाजाला काय तोटा? आमची अख्खी गल्ली त्या आवाजात झोपायची आणि उठायची. पण कॉलेजचा स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन गल्लीतल्या एका कारखान्यात गेले, तर तिथला विणकर दर चार-पाच मिनिटांनी माग थांबवून आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घालायचा. त्यात कुणाचा खोकला, कुणाची हाक, शेजारचा रेडिओ. वैताग नुसता. सगळं गाळून स्वच्छ उरले ते आठ सेकंद.

तेवढी फीत ब्लेडने कापली आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडून तिचं कडं केलं, म्हणजे तेच आठ सेकंद फिरत राहतील. फिरले की, पण सांध्यावर माग लंगडायचा. धोटा डावीकडून येताना एक ठोका पडतो, उजवीकडून येताना दुसरा, जरासा जड. मी जड ठोक्याला जड ठोका जोडला होता. चार वेळा कापलं, चार वेळा चिकटवलं. फीत आखूड होत चालली आणि माझा जीव खालीवर. शेवटी ब्लेड तिरपं धरून कापलं तेव्हा सांधा लपला.

एवढा आटापिटा अण्णांसाठी. माझे वडील मंद्रूपची शेती भावांवर सोडून शहरात आले आणि तीस वर्षं मागावर उभे राहिले. मुलीनं नाटकात जाणं त्यांना साफ नामंजूर. माझी रडारड झाल्यावर एवढंच म्हणाले, "एक खेळ बगतो. मग सांगतो, जायाचं का बंद करायचं." त्यांच्यासमोर माग लंगडला असता, तर माझं नाटक तिथंच संपलं असतं.

खेळाच्या दिवशी मी विंगेत उभी. एक हात टेपरेकॉर्डरवर, दुसऱ्या हातात पेन्सिल आणि तिच्याभोवती ताणून धरलेलं फितीचं कडं. हात ढिला पडला की आवाज हेलकावणार. अंक सुरू झाला, माग चालू झाला. दर आठ सेकंदांनी सांधा यायचा आणि मी कान टवकारायची. रंगमंचावर कोण काय बोलतंय, देवाला ठाऊक.

पडद्याच्या फटीतून तिसऱ्या रांगेतले अण्णा दिसत होते. पाचेक मिनिटं झाली आणि ते खुर्चीतून अर्धवट उठले. परत बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठले, तेव्हा मागच्या माणसानं त्यांना खांद्याला धरून बसवलं. झालं, म्हटलं, हे चालले. अण्णा, बसा हो, एवढा अंक तरी बसा, असं मी मनातल्या मनात घोकत होते. पेन्सिल सोडून धावत जाताही येईना, आणि ती घामानं निसटायला लागलेली. अंक संपेपर्यंत ते पाच-सहा वेळा तरी उठले असतील.

नाटक सुटल्यावर आम्ही घराकडे निघालो. सायकल हातात धरून पुढे ते, मागे मी. मी पुढच्या तालमीला येत नाही हे सगळ्यांना कसं सांगायचं, ते मी मनात जुळवत होते. घरासमोर येऊन अण्णा थांबले.

"त्यो आवाज तू केलास व्हय?"

"व्हय."

"अर्धा तास माग चालला आन् एकदा बी कांडी संपली न्हाई? मी आपला कांडी बदलाया उठतोय, बसतोय. पाय ऐकंनात माझं."

नेमकं तेवढंच तर मी गाळून टाकलं होतं.

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. "म्होरच्या खेळाला मधी माग थांबव. कांडी बदलायला किती वेळ लागतोय, ते मला इचार," म्हणाले आणि आत गेले.

म्होरच्या खेळाला, म्हणाले होते. मी दारातच बसून रडले.