डाव्या पंखावरचे काळे पट्टे

हवाई दलाने मला अठराव्या वर्षी परत पाठवलं ते डोळ्यांमुळे. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं होतं. माझ्या आधीच्या पोराने पानापानातले आकडे धडाधड सांगितले; मला नुसते ठिपके दिसले. डॉक्टरांनी आणखी दोन पानं उलटली, पुस्तक मिटलं आणि फॉर्मवर एक ओळ लिहिली. लाल आणि हिरवा मला वेगळे ओळखता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी लाज वाटली की घरी येऊन मी सांगितलं, वजन कमी भरलं. पुढे विम्याच्या ऑफिसात चिकटलो, लग्न झालं, भाईंदरला जेसल पार्कात राहायला आलो, आणि बायकोलाही हेच सांगितलं. ती बिचारी चौदा वर्षं माझ्या भातावर तुपाचा जास्तीचा चमचा वाढत राहिली.

चाळिशीला टेकलो तेव्हा मनाने घेतलं, हवाई दल गेलं उडत, मी माझं लढाऊ विमान स्वतः करणार. दुसऱ्या महायुद्धातलं, एका पंख्याचं, बॅटरीवर उडणारं. विकत आणायचं नाही. आणि उडवायचं ते मीच. ही अट पहिल्या दिवसापासून होती आणि तिच्यात सूट नव्हती.

सोसायटीच्या गणपतीचं मखर दरवर्षी माझ्याच गळ्यात असायचं, त्यामुळे थर्माकोलवर हात बसलेला. त्या वर्षीच्या मखरातून उरलेले जाड तक्ते मी गॅलरीत दडवून ठेवले होते. मोटर, बॅटरी, रिमोट हे सगळं लॅमिंग्टन रोडवरून आणलं, दुकानात होतं त्यातलं सगळ्यात स्वस्त. तापलेल्या तारेने दोन पंख असे सुरेख कापले की मीच माझ्यावर खूश झालो. मखर आम्ही पांढऱ्या गोंदाने चिकटवतो, पण तो वाळायला अख्खा दिवस घेतो. मला कुठला दम! चपला चिकटवायचं सोल्युशन घरात होतं, ते फासलं. दहा मिनिटांत त्याने थर्माकोल खायला सुरुवात केली. जेवून येऊन बघतो तर एक पंख आतून पोकळ. आठ वर्षं मखरं करणाऱ्या माणसाने हे करावं? पण केलं.

दुसरा पंख कापला, मुकाट्याने पांढरा गोंद लावला. मग शेपूट जड झालं. विमान पंखांखाली दोन बोटांवर तोललं तर सरळ राहायला हवं, माझं मागे कलंडायचं. उत्तनच्या बाजारातून जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि नाकात कोंबल्या. खाडीकडच्या मोकळ्या जागेत तीन दिवस रोज एकदा मोटर चालू करून हाताने फेकलं, तिन्ही वेळा ते डावीकडे वळून चिखलात घुसलं. एक म्हातारे गृहस्थ रोज तिथे फिरायला यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, हे मुद्दाम करता का? मी म्हटलं, हो.

ऑफिसातल्या एकाने काशीमीऱ्याच्या एका गॅरेजवाल्याचं नाव सुचवलं. ट्रकची दुरुस्ती करायचे, आणि रविवारी उत्तनजवळच्या तारोडीच्या वरच्या माळावर आपली परदेशी, तयार विमानं उडवायचे. त्यांनी माझं विमान दोन बोटांत उचलून पाहिलं, हसले, पण दुखणं बरोबर ओळखलं. पंखा एका बाजूला फिरतो म्हणून विमान दुसऱ्या बाजूला पिळतं, मोटर जराशी उजवीकडे तोंड करून बसवा, म्हणाले. आणि डावा पंख लाल रंगवा, उजवा हिरवा. विमान लांब गेलं की ते येतंय की जातंय हे कळत नाही. समोरून येत असेल तर त्याचा डावा पंख आपल्या उजव्या हाताला दिसतो, म्हणजे रिमोटवरची कांडी उलटी ढकलावी लागते. हे रंगावरूनच कळतं.

मी मान डोलावली. वीस वर्षं असल्या गोष्टींना मी मानच डोलावत आलो होतो. डब्यांवर रंगांची नावं होती म्हणून डावं-उजवं चुकलं नाही, पण वाळल्यावर मला दोन्ही पंख एकाच मातकट रंगाचे दिसत होते.

मोटरीचं तोंडही वळवलं, आणि पुढच्या रविवारी गॅरेजवाल्यांनी विमान फेकलं आणि ते उडलं. खरंच उडलं! माळावरून समुद्राच्या बाजूला गेलं, एक मोठी गिरकी घेतली, आणि मी मोठ्याने हसत होतो. मग ते लांबवर एका अंगावर कललं. येतंय की जातंय? डोळे फाडून पाहिलं. दोन मातकट पंख. मी कांडी डावीकडे ढकलली, ते आणखी कललं, आणखी ढकलली तर सरळ खाली आलं ते उतारावरच्या बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांत.

बोंबील जिचे होते ती मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"एवरं आभाल मोकलं हाय," ती म्हणाली, "तुला दुसरी जागा न्हाय गावली?"

मी तिची माफी मागितली, पडलेले बोंबील वेचून दिले. मागून गॅरेजवाले आले. लाल पंख दिसला नाही का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन आलं. ऊन माझ्या पाठीमागे होतं. त्यांनी माझ्या हातातला रिमोट घेऊन बंद केला आणि ते म्हणाले, "अगली बार मैं उड़ा दूँगा, आप देखना."

आप देखना! घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच घुमत होतं. मला राग त्यांचा नव्हता, माझाच होता. विमान थर्माकोलमुळे पडलं नव्हतं, स्वस्त मोटरीमुळे पडलं नव्हतं. ते माझ्या थापेमुळे पडलं होतं. चपला काढायच्या आधी मी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"चौदा वर्षं मी तूप वाढतेय," ती म्हणाली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने चहा ठेवता ठेवता विचारलं, "मग तुम्हाला दिसतं काय नीट?"

काळं-पांढरं, मी म्हटलं. आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती विमान घेऊन आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेली. मी खाली कंपाउंडमध्ये. पांढरा रंग दिलेल्या पंखांपैकी डाव्याला काळ्या कागदाच्या पट्ट्या लावून ती विमान आभाळासमोर कधी सुलट, कधी उलट धरायची, आणि मी खालून ओरडायचं, डावा कुठे, उजवा कुठे. बोटाएवढ्या पट्ट्या पुसट व्हायच्या. वीतभर रुंद लख्ख दिसल्या. एव्हाना निम्मी सोसायटी जमली होती. सेक्रेटरींनी विचारलं, काय चाललंय. थाप तोंडाशी आली होती, वीस वर्षांची सवय. पण मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मला लाल-हिरवं ओळखता येत नाही. म्हणून मला दिसेल असं विमान रंगवतोय." कोणी चष्म्याचा नंबर विचारला, कोणी म्हणालं त्यापेक्षा गाडी करा, जमिनीवर तरी राहील. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, कारण ते मध्ये येत होते.

डाव्या पंखावर वीतभर रुंद काळे पट्टे, वरून आणि खालून. उजवा पांढराफटक. माळावर गॅरेजवाल्यांनी झेब्रा म्हणून चेष्टा केली, तेव्हा त्यांनाही कारण सांगितलं. ते एकदम गंभीर झाले. तसं असेल तर रिमोट माझ्याकडे द्या, विमान कोणाला तरी लागेल, असं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"नहीं दूँगा," मी म्हटलं. माळाच्या रिकाम्या टोकाला गेलो, जिथे ना माणूस ना बोंबील. बायकोने पदर खोचला आणि विमान फेकलं.

ते चढलं, लांब गेलं, कललं. पट्टे माझ्या उजव्या हाताला होते, म्हणजे येतंय. कांडी ढकलली आणि ते सरळ झालं. पुन्हा वळवलं, पुन्हा सरळ केलं. ते माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा मी रडत होतो, आणि पट्टे तरीही दिसत होते. चौथ्या फेरीला स्वस्त बॅटरीने दम सोडला. मोटर बंद पडली, विमान झपकन खाली आलं आणि कातळावर आपटलं.

गॅरेजवाले धावत आले. काय झालं, काही दिसलं का, ते विचारत होते.

"राईटवाला पंख पहले लगा," मी म्हटलं. "मैंने देखा."