एका खर्र्याचं अंतर

कुठलंही अंतर विचारा, तो आधी स्वतःच्या डाव्या तळहाताकडे बघायचा. तळहातावर प्लास्टिकच्या पन्नीची पुडी, पुडीत सुपारी, तंबाखू आणि चुना, आणि त्यावर उजव्या अंगठ्याचं घोटणं चाललेलं. मान न उचलता तो सांगायचा, "एक खर्रा." म्हणजे हा खर्रा तोंडात टाकल्यापासून थुंकेपर्यंत जेवढं चालणं होईल, तेवढं.

नागपूरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रताप नगरच्या थांब्यावरून कळमेश्वरच्या आमच्या कारखान्यापर्यंत कंपनीच्या बसनं दोन खर्रे. गेटपासून कॅन्टीन, "अर्धाही नाही." मोठ्या साहेबांचं एक भाषण त्यानं तीन खर्र्यांचं मोजलं होतं, आणि तिसरा त्याला उधार मागावा लागला होता.

घर उमरेडकडच्या विणकरांचं. वडिलांचा माग कधीच बंद पडलेला, हा पॅकिंगच्या मशीनवर. "बापाचा अंगठा धाग्यावर चाले, माहा पुडीवर चालते," म्हणायचा. "अंगठा तोच आहे, भाऊ."

मी टाइम ऑफिसात कारकून. हजेरी, रजा, आणि वर्षातून एकदा होणाऱ्या आरोग्य तपासणीचे फॉर्म माझ्याकडे. या फॉर्मांसाठीच हे लिहायला बसलो आहे. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही.

पावसाळा सरला की दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी आमची मंडळी जंगलातल्या एका धबधब्यावर जायची. त्याच्या मामाचं गाव तिकडचं, म्हणून वाट दाखवायला तो. हातात काठी घेऊन पुढे चालायचा आणि सागाच्या झाडांमधली कोळ्याची जाळी तोडत जायचा, मागच्यांच्या तोंडावर येऊ नयेत म्हणून. त्या वर्षी एका नव्या इंजिनिअरनं मोबाईल काढून जाहीर केलं की अंतर दोन किलोमीटर आहे.

"ते मोबाईलचं झालं, साहेब," तो म्हणाला. "पायाचं एक खर्राच होते."

धबधबा फार मोठा नव्हे. दोन पुरुष उंचीवरून पडणारं पाणी आणि खाली एक डोह. पोरं पाण्यात उतरली, यानं गोवऱ्या पेटवून पानगे भाजायला घेतले. पळसाच्या पानात गुंडाळलेली कणीक निखाऱ्यात कधी उलटायची, ते त्याला बरोबर कळायचं. सगळ्यांना वाढलं, तूप ओतलं, वांग्याची भाजी दोनदा फिरवली. मग तो दिसेना.

मी शोधत गेलो तर एका खडकामागे, सगळ्यांकडे पाठ करून बसलेला. पानगा वरणात कालवून त्याची पेज केली होती आणि एका बोटानं ती ओठांच्या फटीतून आत ढकलत होता. तोंड बोटभरच उघडत होतं.

"काहून गा, जेवून नाही राहिला?" मी विचारलं. दिसत होतं, तरी विचारलं.

"भूक मले आहे, भाऊ. तोंडाले नाही." हसायला गेला, पण गाल हलला नाही. मग म्हणाला, "कोणाले सांगू नका. पोरीचं लगन होऊ द्या. मंग मीच जातो धंतोलीले."

आमच्याकडे धंतोलीला, नागपूरच्या त्या दवाखान्यांच्या वस्तीत, जाणं म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही. मी मान हलवली.

पुढच्याच आठवड्यात तपासणी होती. डॉक्टर प्रत्येकाला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगत होते. जात नसतील तर पुढची तपासणी. यादीत त्याचं नाव आलं तेव्हा तो मशीनवरून माझ्याकडे बघत होता. मी त्याला बोलावलं नाही. त्याच्या फॉर्मवर "तोंड : निरोगी" लिहिलं आणि सही व्हायच्या गठ्ठ्यात सरकवून दिला.

पुढे मी मनाशी म्हणत राहिलो की त्याच्या पोरीच्या लग्नासाठी केलं. ते खरं नाही. यादीत त्याच्यामागचं नाव माझं होतं. मीही चोरून खर्रा खायचो, घरी माहीत नव्हतं, आणि उजव्या गालात आतून एक खरखरीत जागा झाली होती. त्याचं तोंड बघितलं असतं तर डॉक्टरांनी माझंही नीट बघितलं असतं. मी दोन फॉर्म भरले. दोन्हींवर तेच लिहिलं.

लग्न झालं. लग्नातही त्यानं पंगत वाढली, स्वतः बसला नाही.

मग धंतोली. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टर म्हणाले होते, चार महिने आधी आणायचं होतं. तिनं मला विचारलं, "भाऊ, कारखान्यात तर तपासलं होतं न? कागदावर तर बरोबर लिवलं होतं."

मी म्हणालो, "हो, वहिनी."

आत त्याचा अर्धा चेहरा पट्टीखाली होता. बोलता येत नव्हतं. मला बघून त्यानं डावा तळहात पुढे केला आणि रिकाम्या तळहातावर उजवा अंगठा घोटल्यासारखा फिरवला. दोन-तीनदा फिरवून मध्येच थांबवला. आता उरलंय ते अर्धाही नाही, एवढंच सांगत होता. नऊ दिवसांत गेला.

माझी खरखरीत जागा खर्रा सोडल्यावर महिन्या-दीड महिन्यात आपोआप गेली. काही नव्हतंच ते.

यंदा बऱ्याच वर्षांनी मंडळी पुन्हा धबधब्याला गेली. पुढे कोणी नव्हतं, त्यामुळे जाळी सगळ्यांच्या तोंडावर येत होती. एका नव्या माणसानं मला विचारलं, किती दूर आहे. मी माहीत नाही म्हणालो.

तिथे पोचल्यावर त्याच खडकामागे गेलो, पाठ करून बसलो, आणि तीन बोटं उभी करून तोंडात घातली. मी रोज सकाळी आरशासमोर घालतो. आरामात गेली. मागून कोणीतरी हाक मारली, पानगे झाले, जेवायला या.