बाकफिट्समधली वरात

शाळेत गाला आहे, असं लेकीने सांगितलं तेव्हा मला वाटलं, गॅदरिंग असणार. मी लगेच विचारलं, "तुझा नाच कितवा? आम्ही पुढे बसायचं ना?"

तिने कपाळावर हात मारला. "आई, पेरेंट्सना आत एंट्रीच नाही. तुम्ही बाहेर उभं राहायचं, आम्ही येताना बघायचं. देन यू गो होम."

इथे आइंडहोवनला शाळेची शेवटची परीक्षा झाली की पोरं झगे-सूट घालून नाचायला जमतात. पण खरी हौस नाचाची नाही, येण्याची. कोणी घोडागाडीत येतं, कोणी ट्रॅक्टरवर, एक पठ्ठ्या म्हणे कचऱ्याच्या गाडीला लटकून आला होता. फाटकापासून दारापर्यंत लाल गालिचा आणि दोन्ही बाजूंना मोबाइल उंच धरलेले आई-बाप. आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अगं, म्हणजे वरात! नवरा नाही, भटजी नाही, रुसवेफुगवे नाहीत, नुसती वरात. आधी नाही का सांगायचं?"

तेव्हापासून मला तिच्याहून जास्त घाई. एक कारण असंही होतं, की ती सप्टेंबरात लायडनला शिकायला जाणार होती. खोलीसुद्धा मिळाली होती, आणि या देशात खोली मिळणं स्थळ जमण्यापेक्षा अवघड. म्हणजे घरातून खरंच जाणार. आणि या बाईला अजून निघताना "येते" म्हणता येत नव्हतं. डच पोरांसारखं सरळ "जाते" म्हणायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "जाते नाही, येते म्हण!" वर्षानुवर्षं हेच. तिचं उत्तर ठरलेलं, "पण मी जातेय ना? येतेय कुठे?" मग मी हातातली कढई जास्तच जोरात आपटायची. लायडनला जायच्या आत एकदा तरी तिने ते आपणहून म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

गालाच्या संध्याकाळी ऊन अजून लख्ख होतं. नवरा गालिच्याजवळची जागा धरायला तासभर आधीच जाऊन उभा होता. इकडे लेकीला न्यायला येणारा मैत्रिणीच्या काकाचा ट्रॅक्टर वाटेत बंद पडला. मैत्रिणी तिथूनच चालत निघाल्या. लेक हिरव्या झग्यात जिन्यावर बसून रडायला लागली. आमच्याकडे गाडी नाही. होती ती माझी बाकफिट्स, पुढे लाकडी पेटी असलेली सायकल. तिच्यातून मी घरोघर डबे पोचवते. लहानपणी लेक याच पेटीत बसून शाळेत जायची, पण मोठी झाल्यावर एक गल्ली आधीच उतरायला लागली होती.

तिने सायकलकडे बघितलं. नाक पुसलं. "वड्यांचा वास येतो का?"

"येतो," मी म्हणाले. खोटं कशाला बोला?

"चल."

मी पेटीत माझी जरीची साडी अंथरली, तिच्या कानामागे काजळाची तीट लावली आणि पॅडल मारायला लागले. पुलाच्या चढावर मला धाप लागली आणि ही आतून म्हणते, "फास्टर, आई." मी म्हटलं, वरातीत नवरीने गप्प बसायचं असतं. फाटकातून घंटी वाजवत शिरलो तेव्हा लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. ट्रॅक्टरला इतक्या मिळाल्या नसत्या, असं आपलं माझं मत.

ती झगा सावरत उतरली. "जाते," म्हणाली.

मी खाली वाकून पेटीतल्या साडीची उगाचच घडी घालायला लागले. ती चार पावलं गेली, थांबली आणि परत आली.

"आई, यू डिडन्ट से इट."

"काय?"

"येते म्हण."

"मग म्हण की, भवाने."

"येते," ती म्हणाली, आणि गेली.