हळद लागलेल्या तोंडाचा दात

अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि आईचा समोरचा दात सुपारीनं तुटला. नातीनं आजीकडे एकच हट्ट धरला होता, "आजी, फोटोत तुझं ते मोठ्ठं हसू पाहिजे." म्हणून दात लग्नाआधी बसायला हवा होता. माधव नगरच्या दाताच्या डॉक्टरांनी बोलावलं ते नेमकं हळद कुटायच्या मुहूर्ताच्या दिवशी. घरात हळकुंडं कुटणं चाललेलं, बायकांनी आईचे गाल हळदीनं माखलेले. शुभकार्याची हळद लगेच कशी पुसायची? तशाच उठून आम्ही ऑटोत बसलो.

नव्या दाताचा रंग जुळवायला डॉक्टरांनी आईच्या तोंडापुढे फोन धरला. अ‍ॅपनं शेजारच्या दाताचा एक रंग सांगितला, परत धरला तर दुसराच. मी म्हटलं, "डॉक्टर साहब, एक दाँत के दो रंग?"

"आंटी, फोन की आँख हमसे तेज़ है," म्हणत त्यांनी त्यातला उजळ रंग लॅबला कळवून टाकला. स्वतः एकदा निरखून बघितलंही नाही.

दात लग्नाच्या आदल्या दिवशी आला. चहानं पिवळसर झालेल्या दातांत हा चुन्यासारखा पांढरा! मी तिथेच भांडायला उठले, तर आईनं हात धरला. "जाऊ दे गं, शादीच्या घरात झगडा नको." बदलायला वेळही नव्हता. अख्ख्या लग्नात तिनं भैरवगढच्या छापाच्या साडीचा पदर तोंडावरून काढला नाही.

लग्नानंतर तिला तोंड धुऊन परत नेलं. त्याच फोननं त्याच शेजारच्या दाताचा रंग आता चांगलाच गडद सांगितला. "गालों की हल्दी देखके कैमरे ने पीलापन काट दिया, तो दाँत भी उजला दिखा होगा," डॉक्टर म्हणाले, जसं काही झालंच नाही. मग तेव्हा तोंड धुवा म्हणायला तुमची दातखीळ बसली होती का? हे मी मराठीत म्हणाले, पण त्यांना कळेल एवढ्या मोठ्यानं. शेवटी त्यांनी खणातून नमुन्याचे दात काढले, आईला दारात उजेडात उभं केलं आणि डोळ्यांनी रंग जुळवला. त्या रंगाचा नवा दात करून आला, तो छान बसला.

मग फोटोवाला अल्बम घेऊन आला. प्रत्येक फोटोत आईच्या तोंडावर पदर. तो म्हणाला, "दादी की स्माइल ऐप से लगा दूँगा, पता भी नहीं चलेगा."

मी तोंड उघडायच्या आत आईनं अल्बम मिटला.

"त्या दिवशी किती हसू येत होतं गं मला," ती म्हणाली. "सगळं पदराआडच गेलं."